स्टेज १ केलेल्या पोलोत रेसिंगचं पेट्रोल घालून काही फरक पडतो काय?

टिळकवाडी_टीएसआय

नमस्कार मंडळी. गाडी २०२१ ची पोलो १.० टीएसआय (टर्बो), मॅन्युअल. स्टेज १ रिमॅप (म्हणजे टर्बो मूळचाच, इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर तेवढं बदललं), पॅनेल फिल्टर आणि मागचा एक्झॉस्ट बदललाय. कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) मूळचाच, प्लग कंपनीचे. पेट्रोल बेळगावातल्या पंपावरचं साधं.

२० लिटरच्या कॅनमध्ये '११० ऑक्टेन' रेसिंग फ्युएल मिळतंय. टाकीत ५ लिटर मिसळलं की दहा-बारा घोडे वाढतात, असं विकणारा सांगतोय. खरं काय? त्यापेक्षा पुण्याहून एक्सपी १०० (इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं पेट्रोल) आणून घालणं बरं काय?

दुसरं, चोर्ला घाटाच्या चढाला पाचव्या गिअरमध्ये १६००-१८०० आरपीएमला पाय दाबला की कधीतरी एकदाच 'टण्ण' असा आवाज येतो. ऑक्टेन कमी पडतंय म्हणून येतोय काय?

उद्यमबाग_बेंच

आधी मिसळण्याचा हिशोब करा. टाकीत ३५ लिटर ९५ चं आहे आणि त्यात ५ लिटर ११० चं घातलं, तर ढोबळ सरासरी ९७ च्या आतच राहते. म्हणजे ११० चे पैसे देऊन ९७ घेतलं. तेवढं ऑक्टेन अर्धी टाकी एक्सपी १०० घालूनही मिळतं: २० लिटर ९५ आणि २० लिटर १०० म्हणजे ९७.५. (इथेनॉल किंवा टोल्युइन असलं की मिश्रण अगदी सरळ रेषेत चालत नाही, पण अंदाजाला एवढं पुरे.)

आता ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. हवा-पेट्रोल दाबलं, तापलं, तरी ठिणगीच्या आधी किंवा ज्वाला पोचायच्या आधी कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटू नये, ही जी सहनशक्ती तिचा तो आकडा. आयसोऑक्टेनला १००, नॉर्मल हेप्टेनला ०, आणि तुमचं पेट्रोल यांच्या कुठल्या मिश्रणासारखं वागतं ते बघतात. लिटरमागं उष्णता जास्त असते असं मुळीच नाही. इथेनॉलचंच बघा: ऑक्टेन १०८ च्या आसपास, पण लिटरमागं ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश.

मग ताकद येते कुठून? ईसीयूच्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या) मॅपमध्ये प्रत्येक आरपीएम आणि लोडला इग्निशन टायमिंगचा, म्हणजे ठिणगी कधी पडायची त्याचा, एक आकडा ठरलेला असतो. मिश्रण असं आपोआप पेटल्याची खटखट (नॉक) सेन्सरला ऐकू आली की ईसीयू त्या सिलिंडरचं टायमिंग काही अंश मागं घेतो. टायमिंग मागं गेलं की टॉर्क घटतो आणि एक्झॉस्ट जास्त तापतो. जास्त ऑक्टेननं हे मागं घेणं थांबतं, बस्स. तुमचा मॅप ९५ वर एकही अंश मागं घेत नसेल तर १०० घालून शून्य फरक पडणार. मॅपमध्ये लिहिलेल्या आकड्याच्या पुढं ईसीयू स्वतःहून जात नाही.

म्हणून पहिला प्रश्न ट्यूनरला विचारा: फाइल कुठल्या पेट्रोलसाठी लिहिली आहे? आणि उत्तर 'रॉन'मध्ये घ्या, आपल्याकडं ऑक्टेनचा तोच आकडा सांगतात. इथं बरेच जण फसतात. अमेरिकेत पंपावर लिहितात ती रॉन आणि मॉन (जास्त कडक चाचणीतला आकडा) यांची सरासरी. तिथलं ९३ म्हणजे आपल्या रॉनच्या हिशोबात ९८ च्या आसपास. '९३ ऑक्टेनची फाइल आहे, आपल्याकडं तर ९५ मिळतं' म्हणून निर्धास्त राहिलात तर गाडीला तीन रॉन कमी असलेलं पेट्रोल मिळत राहतं.

आणखी एक. ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यापासून साध्या पेट्रोलचं रॉन ९१ वरून ९५ वर गेलंय. त्यामुळे ९५ लिहिलेल्या प्रीमियमला आता निव्वळ ऑक्टेनसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. इंजेक्टर साफ ठेवणारं अ‍ॅडिटिव्ह पाहिजे असेल तर घ्या की.

खानापूर_रोड

याच धाग्यात विचारतो. स्विफ्ट १.२, टर्बो नाही. कोन फिल्टर आणि फ्री-फ्लो एक्झॉस्ट एवढंच. रिमॅप नाही. १०० घालून काही होईल काय?

उद्यमबाग_बेंच

@खानापूर_रोड नाही. आवाज वाढलाय तेवढंच. तोच पैसा टायरला घाला.

बेळगावात तर त्याहून नाही. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहोत, हवेचा दाब गोव्यापेक्षा सुमारे ८ टक्के कमी. विनाटर्बो इंजिनात तेवढी हवाच कमी शिरते, कोंबणीच्या शेवटी दाब कमी राहतो आणि नॉकची शक्यताही घटते. हीच गाडी मे महिन्यात पणजीला नेली तर ऑक्टेनची गरज थोडी वाढते. तिथला दमटपणा त्यातलं काही परत देतो, हे खरं.

टर्बोवाल्यांचं मात्र उलटं आहे, टिळकवाडीकरांनी नीट वाचावं. मॅपला मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडं हवा नेणाऱ्या नळ्यांत) एकूण २ बार दाब पाहिजे असं धरा. समुद्रकाठी १.०१ बारवरून २ बार करायचं म्हणजे टर्बोच्या कॉम्प्रेसरला १.९८ पट दाबायला लागतं. बेळगावात ०.९२५ बारवरून तेवढंच करायचं तर २.१६ पट. हवा ३० अंशांची आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर इंटरकूलरच्या (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) आधीची हवा इथं सुमारे १३ अंशांनी जास्त तापते. ती उष्णता इंटरकूलरनं काढली नाही तर नॉक आलंच. तुमची गाडी चोर्ला उतरून गोव्यात साखळीला गेली की 'पिकअप बदललाय' असं वाटतं, त्यातला काही भाग हा. पेट्रोल गोव्याचं म्हणून नव्हे.

अण्णा_कार्बवाले

११० च्या कॅनबद्दल कुणी बोललं नाही अजून. त्या कॅनवर तीन गोष्टी शोधा: शिसं आहे की नाही, ऑक्सिजनयुक्त आहे की नाही, आणि तो ११० रॉन आहे, मॉन आहे की सरासरी. तिन्हींपैकी एक जरी लिहिलेलं नसेल तर पुढं बोलायचंच नाही. लेबल नसलेल्या कॅनमध्ये काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

शिसं असेल तर ऑक्सिजन सेन्सरच्या टोकावर पांढुरका-राखाडी थर बसतो. सेन्सर आधी सुस्त होतो, मग चुकीचं सांगायला लागतो. ईसीयू त्याच्यावर विश्वास ठेवून मिश्रण बिघडवतो. कॅटचा मौल्यवान धातूचा लेपही शिशानं झाकला जातो आणि पी०४२० (कॅट नीट काम करत नाही) हा कोड उभा राहतो. पीयूसीला तर अडकणारच. कॅट मूळचा ठेवलाय म्हणता, मग तो असा मारू नका. आपल्याकडं रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाचं पेट्रोल २००० च्या फेब्रुवारीत बंद झालं. त्यानंतरच्या कुठल्याच गाडीची रचना शिशासाठी नाही.

ऑक्सिजनयुक्त रेस फ्युएलला जास्त पेट्रोल फवारायला लागतं. पंप आणि इंजेक्टर मूळचेच असतील तर वरच्या आरपीएमला मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होऊ शकतं. म्हणजे ऑक्टेन वाढवायला गेला आणि नॉक घेऊन आला.

'विमानाचं पेट्रोल घालतो' म्हणणारेही भेटतात. सांबऱ्याला प्रवासी विमानात भरतात ते एटीएफ. ते केरोसिनच्या जातीचं, पेट्रोल इंजिनात घातलं की इंजिन संपलं. लहान पिस्टन विमानांचं १०० एलएल वेगळं, पण त्यात लिटरमागं ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं असू शकतं. नावातलं 'लो लेड' फक्त जुन्या विमान-पेट्रोलच्या तुलनेत.

आणि आपल्या भागातलं खास. चिकोडी, अथणी, गोकाक, सगळा साखर कारखान्यांचा पट्टा, त्यामुळे 'डिस्टिलरीचं स्पिरिट मिळतंय, थोडं घालूया' हे ऐकायला येतंच. रेक्टिफाइड स्पिरिटमध्ये जवळजवळ ५ टक्के पाणी असतं. पेट्रोलमध्ये मिसळलेलं दिसतं, पण थंडीच्या पहाटे पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाला बसायचा धोका असतो, आणि पंपाची जाळी तळालाच असते. पहिल्या स्टार्टला गाडी तेच ओढते. शिवाय अबकारी खात्याचा विषय वेगळा. त्या वाटेला जाऊ नका.

ऑक्टेन बूस्टरच्या बाटलीवर 'वाढ १० पॉइंट' लिहिलेलं असेल तर १० पॉइंट म्हणजे १.० रॉन. ९५ चं ९६ झालं, १०५ नव्हे. मँगनीज किंवा फेरोसीनवाली बाटली चार-पाच टाक्यांना वापरली की प्लग काढून बघा: चिनी मातीवर विटकरी, गंजाच्या रंगाची पूड बसलेली असते, बोटाला लागते. गरम झाल्यावर त्या थरातून वीज गळते आणि जोर लावल्यावर नेमका मिसफायर होतो.

टोल्युइनचं ऑक्टेन खरंच चांगलं आहे, पण खडेबाजारात रंगाच्या दुकानात मिळतो तो थिनर म्हणजे टोल्युइन नव्हे. त्यात अ‍ॅसिटोन, एस्टर, काय वाट्टेल ते असतं आणि ओ-रिंगा फुगतात.

तिसरा_गिअर

वरचं सगळं बरोबर, पण लॉग (चालत्या गाडीच्या ईसीयूतल्या आकड्यांची नोंद) काढल्याशिवाय अंदाजच. पद्धत सांगतो.

ओबीडी अ‍ॅडॅप्टर (ईसीयू वाचायचं उपकरण) असा पाहिजे की फोक्सवॅगनची प्रत्येक सिलिंडरची टायमिंग रिटार्डेशन, म्हणजे टायमिंग किती अंश मागं घेतलं ते, दिसली पाहिजे. स्वस्तातलं सर्वसाधारण अ‍ॅप फक्त एकूण टायमिंग दाखवतं, त्यावरून काही कळत नाही. व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन चालेल. लॉगमध्ये घ्यायचं: आरपीएम, मॅनिफोल्डचा दाब, इनटेक हवेचं तापमान, लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण), तिन्ही सिलिंडरचं रिटार्ड, शॉर्ट आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो ते). एका वेळी सात-आठपेक्षा जास्त आकडे घेतले तर नोंदी विरळ होतात. ट्रिम वेगळ्या फेरीत घ्या.

टाकी साधारण ५ लिटरवर आणा. ९५ चं भरा, ८०-१०० किलोमीटर नेहमीसारखी चालवा म्हणजे ईसीयू जुळवून घेईल. मग डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजायचं यंत्र) तिसऱ्या गिअरमध्ये २००० पासून ६००० पर्यंत पूर्ण दाबून तीन फेऱ्या, मध्ये तीन-चार मिनिटं थंड होऊ द्यायचं. पुन्हा टाकी ५ लिटरवर आणून ९७-९८ चं मिश्रण भरा आणि तेच तसंच. दोन्हींवेळी हवेचं तापमान जवळपास सारखं पाहिजे. सकाळी ९५ आणि भर दुपारी १०० असं केलं की तुलना फुकट.

काकतीच्या पुढं पहाटे हायवे मोकळा असतो म्हणून तिथं फेऱ्या मारायला जाऊ नका. दिवे नाहीत, रिफ्लेक्टर नाहीत अशी उसाची ट्रॉली कडेला उभी असते, हंगामात तर रांगच.

वाचायचं कसं: सुरुवातीला एखाद्या सिलिंडरला एक-दोन अंश येऊन गेले तर काळजी नाही. तिन्हींना ३ ते ५ अंश येऊन ते फेरीभर टिकून राहिले आणि ९८ वर ते शून्याकडं गेले, तर तुमच्या मॅपला खरोखर ऑक्टेन कमी पडतंय. मग दोन उपाय: कायम चांगलं पेट्रोल, नाहीतर ट्यूनरकडून ९५ साठी मॅप मऊ करून घेणं. बेळगावात राहून दुसरा उपाय शहाणपणाचा. २०२० डिसेंबरमध्ये एक्सपी १०० आलं तेव्हा लिटरला १६० रुपये होतं. तोच दर आणि साधं १०३ धरलं तरी ४० लिटरच्या टाकीला २,२८० रुपये फरक, वर आणायचा त्रास. कॅनमध्ये साठवणार असाल तर विनापरवाना घरात ३० लिटरपर्यंतच, तेही विक्रीसाठी नव्हे, आणि धातूच्या डब्यात. प्लास्टिकच्या कॅनमध्ये उन्हात पुण्याहून पेट्रोल आणायचं म्हणजे डिकीत बॉम्ब.

ट्रिमकडंही बघा. ई२० वर जुळलेल्या गाडीत इथेनॉल कमी असलेलं पेट्रोल घातलं की ट्रिम उणे बाजूला सरकते. तो बिघाड नव्हे. इथेनॉल कमी म्हणजे तेवढंच पेट्रोल फवारायची गरज नाही. मात्र त्यामुळे मायलेज थोडं वाढतं आणि लोक त्याला 'ऑक्टेनची कमाल' समजतात.

आणि ते 'टण्ण'. ते ऑक्टेनचं प्रकरण असेलच असं नाही. नेहमीचं नॉक म्हणजे डब्यात खडे हलवल्यासारखा सलग खडखडाट. कमी आरपीएमला, जास्त बूस्टवर (टर्बोच्या दाबावर), एकदाच जोरात आवाज म्हणजे लो-स्पीड प्री-इग्निशनचा संशय घ्यायचा. तेलाचा थेंब किंवा कार्बनचा कण ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतो. टायमिंग मागं घेऊन ते थांबत नाही, कारण पेटवणारी ठिणगी तुमची नसतेच. १०० घालूनही खात्री नाही. याच्यात पिस्टनची रिंगजवळची कड तुटते. उपाय: चढाला तिसरा किंवा चौथा घ्या, २२०० च्या खाली पूर्ण दाबू नका, एपीआय एसपी दर्जाचं आणि फोक्सवॅगनची मान्यता असलेलं तेल घाला, ट्यूनरला १५०० ते २२०० मधला टॉर्क थोडा खाली आणायला सांगा. क्लचही वाचेल. चौथ्या गिअरला आरपीएम चढून वेग तसाच राहत असेल तर तो आधीच सरकायला लागलाय.

टिळकवाडी_टीएसआय

कॅनचा नाद सोडला. डायनोवर लॉग काढला, ९५ वरच. बाहेर ३१ अंश.

इनटेक तापमान पहिल्या फेरीला सुरुवातीला ५२, शेवटी ७१. तिसऱ्या फेरीला ६० वरून ८३.
रिटार्ड (५००० च्या आसपास): पहिला सिलिंडर ०, दुसरा १.५, तिसरा ४.५.
लॅम्डा ०.८६ च्या आसपास, ट्रिम अधिक २.

आता ९८ घालून बघू काय?

तिसरा_गिअर

थांबा की हो, अजून पेट्रोलकडं जाऊ नका. ऑक्टेन कमी असतं तर तिन्ही सिलिंडर कमीजास्त ओरडले असते. एकटा तिसरा ४.५ आणि पहिला शून्य, म्हणजे तिसऱ्यात काहीतरी आहे. तिसऱ्याचा प्लग पहिल्यात आणि पहिल्याचा तिसऱ्यात घालून पुन्हा लॉग घ्या. रिटार्ड प्लगबरोबर पहिल्यात गेलं तर प्लग. नाही गेलं तर बोअरस्कोप (प्लगच्या भोकातून घालायचा बारीक कॅमेरा) घालून पिस्टनवरचा कार्बन आणि तेल बघा. थेट इंजेक्शनमध्ये व्हॉल्व्हवर पेट्रोल पडत नाही, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत. काळा थर जाड असेल तर वॉलनट ब्लास्टिंग (अक्रोडाच्या कवचाचा चुरा मारून साफ करणं). नॉक सेन्सरचा बोल्ट कुणी सैल केलाय काय तेही बघा. तो बहुधा २० न्यूटन-मीटरला कसतात. सैल असला तर ऐकू कमी येतं, जास्त कसला तर नको ते ऐकू येतं.

तापमान मला जास्त खटकतंय. ३१ अंशांच्या हवेत ८३ म्हणजे इंटरकूलर काम करत नाही.

उद्यमबाग_बेंच

यात भर. या इंजिनाचा इंटरकूलर इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसलेला आणि पाण्यानं थंड होणारा आहे. पुढं बंपरमागं त्याचा वेगळा छोटा रेडिएटर आणि वेगळा इलेक्ट्रिक पंप. तो पंप थांबला किंवा सर्किटमध्ये हवा अडकली की डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा नॉर्मलच दाखवतो, कारण तो मुख्य इंजिनाचा. चालवणाऱ्याला काही कळत नाही, फक्त गाडी गरम झाल्यावर 'मरगळते'.

व्हीसीडीएसमधून पंपाची आउटपुट टेस्ट चालवा आणि हात लावून कंप जाणवतो काय बघा. फोर्ड चालवून आल्यावर छोट्या रेडिएटरच्या आत जाणारी आणि बाहेर येणारी नळी धरा. दोन्ही तितक्याच गरम असतील तर एकतर पाणी फिरत नाही, नाहीतर जाळी चोंदली आहे. आपल्याकडं पाऊस संपला की लाल माती आणि सुगीतला भुसा त्या जाळीत घट्ट बसतो. प्रेशर वॉशर अंगावर धरू नका, पाती वाकतात. मागून पुढं, साध्या नळानं. कूलंट काढलाच असेल तर नुसतं ओतून चालणार नाही, व्हॅक्युमनं भरा, नाहीतर पुन्हा हवा अडकणार.

तिसरा_गिअर

बेंच, 'फोर्ड चालवून' नव्हे, पोलो.

उद्यमबाग_बेंच

होय, बोट घसरलं. पोलोच.

टिळकवाडी_टीएसआय

आउटपुट टेस्टला पंप फिरतच नाही. कनेक्टरला १२ व्होल्ट येतायत. प्लगची अदलाबदल केली नाही अजून.

तिसरा_गिअर

१२ व्होल्ट आणि अर्थ दोन्ही ठीक असेल तर पंप गेला. बदला, व्हॅक्युमनं भरा, मग त्याच डायनोवर तीन फेऱ्या. प्लगची अदलाबदल त्यानंतर, दोन्ही एकदम करू नका, नाहीतर कशानं सुधारलं ते कळणार नाही. तोपर्यंत पूर्ण दाबून चालवू नका, आणि चोर्ल्याला तिसऱ्यात.